उधारीचे पैसे ठरल्या तारखेला कसे येतील : खान्देशातल्या छोट्या दुकानदारांसाठी

आपल्याकडे वसुली म्हटलं की चकरा मारणं, फोनवर फोन करणं आणि शेवटी तोंड वाकडं होणं हेच डोळ्यासमोर येतं. पण पैसे वेळेवर येणार का हे बऱ्याचदा माल दुकानाबाहेर जातो त्या पाच मिनिटातच ठरून जातं, तेव्हा तारीख बोलली गेली, लिहिली गेली आणि ती तारीख गिऱ्हाईकाच्या हातात पैसा येण्याच्या दिवसाशी जुळत असली तर पुढचं निम्मं काम झालेलं असतं. आमचं तालुक्याच्या गावाला हार्डवेअर आणि पाईप-मोटरचं दुकान आहे, गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी, मिस्त्री, ठेकेदार, शाळा, थोडे नोकरदार. त्यामुळे उदाहरणं तिथलीच देतो, पण किराणा, कापड, कृषी केंद्र, मोबाईल, कोणाचंही दुकान असू द्या, गणित तेच आहे.

आधी ते गणित एकदा कागदावर मांडा, कारण उशीर किती महाग पडतो हे कळल्याशिवाय मागायला तोंड उघडत नाही. समजा १ लाखाचा माल उधार गेला आणि त्यात तुमची मार्जिन ८ हजार आहे. होलसेलवाल्याला ३० दिवसात पैसे द्यायचेत, ते तुम्ही बँकेच्या सीसीतून (कॅश क्रेडिट कर्जातून) दिले, सीसीचं व्याज वर्षाला १२ टक्के धरा, म्हणजे महिन्याला साधारण हजार रुपये. दिवाळीला गेलेल्या मालाचे पैसे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आले तर पहिले ३० दिवस सोडून पाच महिन्यांचे पाच हजार व्याजातच गेले, उरले तीन, त्यातून पोराचा पगार, लाईट बिल, हमाली. वरून होलसेलवाला रोखीवर दोन टक्के सूट देत होता ती पण गेली. आणि जीएसटी रेग्युलरमध्ये असाल तर पैसे आले नाहीत तरी त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये कर भरावाच लागतो. ५० हजाराच्या मालावर १८ टक्क्याने ९ हजार झाले, ते तुम्ही खिशातून भरले, आणि उद्या उधारी बुडाली तरी हा भरलेला जीएसटी सरकार परत देत नाही. म्हणून मी म्हणतो मागायला लाजू नका, तुम्ही कोणाकडे उसने मागत नाहीये, स्वतःचेच पैसे मागताय.

आता तारीख. "३० दिवसात द्या" हे सगळ्यांना सरसकट लावलं की फसतं. प्रत्येकाच्या घरात पैसा येण्याचा दिवस वेगळा, आणि खान्देशात तर पिकाप्रमाणे तालुक्यातालुक्यात फरक पडतो. कापूसवाला असेल तर पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास, पण नुसतं "कापूस निघाला की देतो" यावर थांबू नका, कारण कापूस निघणं आणि कापूस विकणं यात तीन-तीन महिने जातात, भाव वाढेल म्हणून लोक घरात भरून ठेवतात. सरळ विचारा, भाऊ, पहिल्या वेचणीचा खेडा खरेदीत (गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला) देणार का सगळा ठेवणार? बहुतेक जण पहिला थोडा कापूस मजुरीसाठी विकतातच, तर त्यातून निम्मे आणि बाकी संक्रांतीनंतर, असे दोन हप्ते बांधून टाका. रावेर, यावल, चोपड्याकडचा केळीवाला असेल तर त्याचा हिशोब सणाला लागत नाही, बागेला लागतो, मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आहे का कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), कापणी कोणत्या महिन्यात, आणि गाडी भरल्यावर व्यापारी किती दिवसांनी पैसे टाकतो. तारीख त्याच्यापुढे चार दिवस. नंदुरबारकडे मिरची, शहाद्याकडे ऊस. दूध घालणाऱ्याचे पैसे दर दहा-पंधरा दिवसांनी सुटतात, त्याला मोठी रक्कम एकदम मागण्यापेक्षा दर चुकाऱ्याला ठरलेले हजार-दीड हजार घेतलेले त्यालाही सोपे.

आखाजीबद्दल एक सांगतो, पुष्कळ दुकानदार म्हणतात आखाजीला वसुली होईल. माझं मत उलटं आहे. आखाजीला सालदाराचा (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा) वर्षाचा हिशोब असतो, नवा सालदार धरायचा तर त्याला उचल द्यावी लागते, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, वर लग्नसराई, म्हणजे शेतकऱ्याच्या घरातून पैसा बाहेर जायचा तो काळ. गहू-हरभरा-मका विकला जातो मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हाच मागून घ्या, आखाजीच्या तीन आठवडे आधी. आणि मेच्या शेवटापासून बागायती कापसाची लागवड, जूनमध्ये बियाणं, खत, तेव्हा जुनी बाकी निघणं फार अवघड. म्हणजे एप्रिलला वसूल न झालेली उधारी थेट दिवाळीवर जाते, हे मनात पक्कं ठेवा.

नोकरदाराचं सोपं आहे. भुसावळचा रेल्वेवाला किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीतला असेल तर केंद्र सरकारचा पगार मार्च सोडला तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी होतो, कंपनीतला असेल तर साधारण ७ तारखेच्या आत. दुसऱ्या दिवशी मेसेज गेला पाहिजे. १५ तारखेला मागितलं तर पगार हप्ते आणि क्लासच्या फीत गेलेला असतो, मग तो खोटं बोलत नाहीये, खरंच नसतात त्याच्याजवळ.

बिलावर काय लिहायचं ते बघा, कारण नुसता आकडा लिहिलेलं बिल पुढे कामाला येत नाही. गिऱ्हाईकाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव पण, गाव, मोबाईल. एका गावात एकाच नावाचे तीन पाटील असतात. मग मालाची यादी, एकूण रक्कम, आज जमा किती, बाकी किती, आणि ठळक अक्षरात "बाकी देण्याची तारीख". ही तारीख गिऱ्हाईकाच्या तोंडून काढा आणि त्याच्यासमोर लिहा. तुम्ही लादलेली तारीख तो विसरतो, त्याने स्वतः सांगितलेली लक्षात राहते. खाली त्याची सही. सही मागितली की काही जण म्हणतात "काय भाऊ, विश्वास नाही का", तेव्हा म्हणायचं, नाना विश्वास आहे म्हणून तर उधार देतोय, सही आपल्या दोघांच्या हिशोबासाठी, उद्या तुमचा मुलगा आला तरी त्याला कळेल. हे सगळ्यांकडून घ्या, अगदी सख्ख्या मावसभावाकडून सुद्धा, एकाला सोडलं की दुसऱ्याला राग येतो. बिलाचा फोटो तिथेच त्याच्या व्हॉट्सॲपवर टाका.

उशीर झाल्यावर व्याज लावायचं असेल तर तेही बिलावर आधीच छापलेलं पाहिजे, नंतर सांगितलेलं व्याज कोणी देत नाही आणि भांडण होतं ते वेगळं. मला स्वतःला व्याजापेक्षा सूट जास्त चालते, सात दिवसात दिले तर दीड-दोन टक्के कमी, हे बिलावरच लिहून द्यायचं, लोक सूट घ्यायला येतात, दंड भरायला येत नाहीत. उधारीचा भाव वेगळा लावणारे दुकानदार आहेत, तर पाकिटावर एमआरपी छापलेली असेल तर उधार असो का रोख त्याच्यावर एक रुपया घेता येत नाही. आणि उधार माल देणं वेगळं, व्याजाने रोख पैसे देणं वेगळं. दुकानातून रोख रक्कम व्याजाने फिरवायचा धंदा परवान्याशिवाय करणं हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, त्याच्या नादी लागू नका.

मिस्त्रीच्या हाताने जाणाऱ्या मालाचं जरा नीट वाचा, कारण बांधकामाच्या लाईनीत सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. मिस्त्री किंवा प्लंबर येतो, म्हणतो अमक्या सरांच्या घराचं काम आहे, त्यांच्या खात्यावर लिहा, आणि एल्बो, टी, नळ, सोल्यूशन घेऊन जातो. चार महिन्यांनी बिल दिलं की घरमालक म्हणतो हा माल माझ्याकडे आलाच नाही. म्हणून पहिल्याच दिवशी घरमालकाला फोन करायचा, सर, तुमच्या कामाचा माल कोणाच्या हातात द्यायचा आणि किती रुपयांपर्यंत द्यायचा? तो जे सांगेल ते लगेच त्याला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचं आणि "हो" एवढं उत्तर घ्यायचं. नंतर प्रत्येक वेळी माल गेला की चलनावर (मालासोबतच्या चिठ्ठीवर) नेणाऱ्याची सही, आणि चलनाचा फोटो त्याच मिनिटाला मालकाला. अर्धं मिनिट लागतं. मालकालाही बरं वाटतं कारण मिस्त्रीवर त्याचं लक्ष राहतं. आणि दर शनिवारी बाकी किती झाली ते कळवून मागून घ्यायचं, मजुरी पण तो शनिवारीच वाटतो तेव्हा पैसे काढलेलेच असतात.

ठेकेदाराचं बोलणं एकच, "माझं झेडपीचं बिल निघालं की देतो". ते बिल कधी निघेल हे त्याच्या हातात नाही तर तुमच्या कसं असेल. तुमची तारीख त्याच्या सरकारी बिलाला बांधूच नका. निम्मे आधी, बाकीचा तारखेचा चेक, आणि एक मर्यादा, त्याच्यावर माल नाही. तो जीएसटीवाला असेल आणि तुमच्या बिलावरून इनपुट क्रेडिट (खरेदीवरचा जीएसटी स्वतःच्या करातून वजा) घेत असेल तर एक गोष्ट नक्की सांगा त्याला. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसात पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट उलटवावं लागतं, पैसे दिले की परत घेता येतं. पाचवा महिना लागला की आठवण करून द्या, त्याच्या सीएला पण बिलाची कॉपी पाठवा. धमकी म्हणून सांगायचं नाही, त्याच्याच फायद्याचं आहे.

शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना यांचे पैसे बुडत नाहीत पण कागद अपुरा असला की अडकतात. मागणीचं पत्र किंवा ऑर्डर आधी घ्या, चलनावर शिक्का-सही, बिलासोबत बँकेचा तपशील आणि कॅन्सल चेक. आणि हे सगळं फेब्रुवारीत टेबलावर गेलं पाहिजे, ३१ मार्चला सगळेच धावतात.

आता आठवण कशी द्यायची. तारखेच्या तीन दिवस आधी पहिला मेसेज, आणि हाच मेसेज सगळ्यात जास्त काम करतो, कारण अजून उशीर झालेला नसतो, कोणाला वाईट वाटायचं कारण नसतं. मेसेज असा :

"राम राम नाना. १२ ऑक्टोबरचं पाईपचं बिल १८,४०० रुपये, जमा ५,०००, बाकी १३,४००. तुम्ही सांगितल्याप्रमाणे १० नोव्हेंबर तारीख आहे. क्यूआर खाली पाठवलाय, नाहीतर दुकानावर या. बिलात काही फरक वाटला तर आजच सांगा."

शेवटचं वाक्य सोडू नका. "एक पाईप फुटका निघाला होता" हे कारण तारखेनंतर निघतं, ते आधीच बाहेर काढलेलं बरं, आणि खरंच फुटका असेल तर लगेच बदलून द्या. माल बरोबर नसताना पैसे मागायचा आपल्याला हक्क नाही. खाताबुक, ओकेक्रेडिट असे ॲप वापरत असाल तर चांगलंच, नोंद राहते, आठवण आपोआप जाते, पण ॲपचा मेसेज छापील भाषेत जातो, मोठ्या गिऱ्हाईकाला आणि वयस्कर माणसाला स्वतःच्या शब्दात पाठवा. आणि ज्याला वाचता येत नाही किंवा साधा फोन आहे त्याला फोनच करा.

तारीख गेली आणि पैसे आले नाहीत तर दोन-तीन दिवसातच फोन. महिना जाऊ देऊन मग रागाने फोन करणारे आहेत, त्याने काही होत नाही, महिनाभर गप्प बसलात म्हणजे त्याला वाटलं तुम्हाला घाई नाही. फोनवर आधी तब्येत, पाऊसपाणी विचारा पण तिथेच अडकू नका. "सकाय दखू" (उद्या बघू) असं म्हणाला तर "बरं" म्हणून फोन ठेवू नका. शांतपणे विचारा, नाना, सकाय म्हणजे किती वाजता येऊ, आणि किती द्याल? दोन्ही आकडे घ्या, वेळ आणि रक्कम. पूर्ण नसतील तर आज दोन हजार तरी टाका म्हणा. थोडे का होईना पैसे आले की खातं जिवंत राहतं. जमा झाले की त्याला लगेच उलट मेसेज, एवढे मिळाले, जुन्या बिलात जमा केले, बाकी एवढी. रोख आणून दिले तर पावती, त्याच्यासमोर. आणि रोखीत लक्षात ठेवा, एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही, मोठी रक्कम असेल तर बँकेतूनच.

कुठे आणि कोणी मागायचं यालाही फार महत्त्व आहे. पारावर चार माणसात नाही, सोयरे बसलेले असताना नाही, लग्नाच्या मांडवात किंवा दहाव्याला तर अजिबात नाही, कानबाईच्या सणाच्या दिवशी पण नाही. घरी तो नसेल आणि वहिनी दारात आल्या तर "भाऊ आले की फोन करायला सांगा" एवढंच बोला, त्यांना हिशोब ऐकवू नका. सत्तर वर्षाच्या बापूंकडे दुकानातल्या वीस वर्षाच्या पोराला पाठवलं तर त्यांना लागतं आणि ते मुद्दाम ताणतात, तिथे मालकाने स्वतः जावं. बाकीदारांची यादी दुकानाबाहेर लावणं, गावाच्या ग्रुपवर टाकणं हे चुकूनही करू नका, अब्रूनुकसानीचा दावा तुमच्यावर होऊ शकतो आणि ते घर कायमचं तुटतं, त्याचे भाऊबंद पण दुसऱ्या दुकानाला जातात.

खरंच अडलेला आणि मुद्दाम टाळणारा यातला फरक ओळखा. गारपीट झाली, केळी वादळात आडवी झाली, घरात आजारपण आलं, असा माणूस फोन उचलतो, खाली मान घालून का होईना पण बोलतो. त्याला मुदत द्या, नवीन तारखा लिहून घ्या, व्याज सोडून द्या. टाळणारा फोन उचलत नाही, आणि त्याच वेळी शेजारच्या दुकानातून रोखीने माल घेतो. त्याचा नवीन माल बंद. माझ्या मते सरळ नियम ठेवावा की जुन्या बाकीतले निम्मे आल्याशिवाय नवीन उधार नाही, रोखीने घ्यायला हरकत नाही. हा नियम कॅश काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, नाहीतर मालक नाही म्हणतो आणि दुपारी मालक जेवायला गेला की भाऊ देऊन टाकतो.

एवढं करूनही अडलं तर कायद्याच्या तारखा माहीत असू द्या. उधार मालाच्या पैशासाठी दावा करायची मुदत तीन वर्षं. उधारीची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, ठरलेली नसेल तर माल दिल्यापासून. मुदत संपायच्या आत त्याने बाकी कबूल असल्याचं लिहून सही दिली तर तीन वर्षं नव्याने सुरू होतात. म्हणून दर दिवाळीला, वहीपूजनाच्या आधी, प्रत्येक जुन्या खात्याचा उतारा काढायचा, खाली "वरील बाकी मान्य" आणि तारखेसकट सही घ्यायची. सणाच्या आधी खातं मिळवायची आपल्याकडे रीतच आहे, त्यामुळे कोणी नाही म्हणत नाही.

चेक असेल तर मुदती फार कमी आहेत. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत टाका. बाउन्स झाला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसात लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तरी दिले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, किंवा चेकच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही. "परत टाकून बघा" असं म्हणत तो ३० दिवस घालवतो, म्हणून चेक परत आला त्याच दिवशी वकिलाकडे कागद द्या, नंतर पैसे आले तर मिटवता येतं.

उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे म्हणून ४५ दिवसात पैसे मिळवायचा हक्क आहे असं बरेच जण सांगतात, इथे गडबड आहे. २०२१ पासून दुकानदारांना उद्यममध्ये घेतलं खरं, पण ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. नुसता घेतलेला माल विकणाऱ्याला त्या ४५ दिवसांच्या तरतुदीचा फायदा नाही. पण तुम्ही स्वतः बनवत असाल, पापड, फर्निचर, ग्रिल, बेकरी, किंवा मोटर रिवाइंडिंगसारखी सेवा देत असाल, तर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तो हक्क तुम्हाला आहे, आणि उशिरा देणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते.

छोट्या रकमेसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा परवडत नाहीत, त्यासाठी लोक अदालत बघा. दावा दाखल करायच्या आधीच तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज देता येतो, कोर्ट फी लागत नाही, आणि तिथे जी तडजोड होते तिला दिवाणी कोर्टाच्या हुकुमाइतकीच किंमत आहे. दोघांना समोरासमोर बसवतात, हप्ते पाडून देतात, आणि आपल्या गावातल्या माणसाशी वैर न होता विषय संपतो. जाताना सही केलेलं बिल, चलनं, खात्याचा उतारा, पाठवलेल्या मेसेजची प्रिंट एका फाईलीत लावून न्या, तारखेप्रमाणे, जुनं खाली आणि नवीन वर.